पट, गंजिफा आणि निवडलेली पाने

जुन्नरहून नाणेघाटाला सहल नेणारे शिक्षक मुलांना लेण्यातला सातवाहनकालीन शिलालेख हमखास दाखवतात. त्यातल्या अंकांमुळे गणिताच्या इतिहासातही त्याला स्थान आहे. पण त्याच परिसरात कातळावर खळग्यांच्या रांगा आणि चौकटी कोरलेल्या आहेत, त्यांच्यापाशी फारसे कुणी थांबत नाही. हे पटखेळ आहेत. ते कोणत्या शतकातले, हे नुसत्या दगडावरून ठरत नाही. घाटात विसावलेला कुणीही ते केव्हाही कोरू शकत होता.

पटावर सगळे उघड असते. समोरच्याच्या खळग्यात किती खडे आहेत हे दोघांनाही दिसते. जिंकतो तो, जो पुढच्या चार चाली आधी पाहतो. पत्त्यांचा खेळ आला आणि ही अट बदलली. आता समोरच्याचा हात झाकलेला असतो.

आपल्याकडे हा बदल गंजिफेने घडवला. १५२७ साली बाबराने सिंधमधल्या शाह हसनकडे गंजिफेची पाने पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या काळातल्या बारा रंगांच्या, १४४ पानांच्या गंजिफेचे वर्णन अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त केले आहे. पुढे हा खेळ इथल्या मातीत रुजला आणि दशावतारी गंजिफा तयार झाली. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, एकूण १२०. पाने गोल, हाताने रंगवलेली. खेळणारे तिघे, प्रत्येकाला ४० पाने. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे तो डाव सुरू करतो, रात्री कृष्णाचा. गंमत अशी, की पाच रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी, तर उरलेल्या पाच रंगांत एक्का मोठा.

समजा, मत्स्याचा राजा आपल्या हाती आहे. त्याचा प्रधानही आपल्याकडेच असण्याची शक्यता किती? उरलेल्या ११९ पानांपैकी ३९ आपल्याकडे आहेत, म्हणजे ३९/११९, साधारण एक तृतीयांश. राजा पडून गेला की प्रधान सर्वांत मोठा होतो, प्रधानही गेला की त्याखालचे पान. कालचे हलके पान आज सर घेते. म्हणून गंजिफेत खरी परीक्षा स्मरणाची असते: दहा रंगांत काय पडले, काय उरले?

तिसरा टप्पा १९९३ सालचा. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकी गणितज्ञाचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ त्या वर्षी आला. विषय जादूगार आणि काल्पनिक प्राण्यांचा. नवी गोष्ट अशी, की पाने वाटली जात नाहीत. प्रत्येकजण आपला जोड स्वतः निवडून घरूनच आणतो. नेहमीच्या नियमाप्रमाणे जोडात निदान ६० पाने आणि काही मूलभूत पाने सोडता एका नावाची जास्तीत जास्त चार. एखादे पान एकच ठेवले तर पहिल्या सात पानांत ते येण्याची शक्यता ७/६०, म्हणजे सुमारे १२ टक्के. चार ठेवली तर निदान एक येण्याची सुमारे ४० टक्के. अर्धी लढाई डाव मांडण्याआधीच होते.

मग कुणी स्वस्त, हलक्या पानांचा जोड करून झपाट्याने हल्ला चढवतो. कुणी प्रतिस्पर्ध्याची पाने निकामी करत थांबतो आणि शेवटी मोठे पान काढतो. कुणी दोन-तीन पानांचा असा मेळ शोधतो, की ती एकत्र आली की डाव संपलाच. यांतला सर्वोत्तम कोणता? उत्तर एकट्याने देता येत नाही. ते इतरांनी काय आणले यावर अवलंबून असते. त्यात तिघे-चौघे बसले की हिशेब पुन्हा फिरतो. झपाट्याचा जोड एकाला हरवण्यात आपले बळ खर्चून बसतो आणि तिसरा ताजातवाना राहतो. जो पुढे दिसतो त्याच्याविरुद्ध बाकीचे एक होतात. गंजिफेच्या तिघांनाही हे चुकलेले नाही. अशा प्रश्नांचे गणित जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ साली घरगुती खेळांवरच्याच एका निबंधात मांडले. तिथून खेळ-सिद्धान्त वाढला.

आता पुन्हा नाणेघाटाकडे येऊ. तिथे पट उरला आहे, पण त्यावर खेळणाऱ्यांनी नियम लिहून ठेवले नाहीत. सावंतवाडीत शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात गंजिफा रंगवण्याच्या कलेला नवे जीवन दिले. पण बहुतेक घेणारे ती पाने भिंतीवर लावण्यासाठी नेतात. खेळ जाणणारे थोडेच. वस्तू टिकते, विचार करण्याची रीत मात्र माणसाबरोबर जाते.

डिंभे धरणात जुने आंबेगाव बुडाले, तरी तिथे लहानपणी खेळलेली वृद्ध माणसे आसपासच्या वस्त्यांत भेटतील. आमची सूचना साधी आहे. जुन्नर-आंबेगावच्या शाळांतील मुलांनी आपल्या आजी-आजोबांना एकेका खेळाचे नियम विचारावेत, जमिनीवर तो पट आखून प्रत्यक्ष खेळावे आणि मगच वहीत उतरवावेत. खेळताना अडले की कळते, कोणता नियम विचारायचा राहिला.