वाचक जाहिरात का पाहत नाही? वेबवरील जाहिरातीचा संक्षिप्त इतिहास

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेचा निकाल पाहण्यासाठी तुम्ही एखादे संकेतस्थळ उघडले होते, तो प्रसंग आठवून पाहा. पानावर वरच्या बाजूला एक रुंद पट्टी होती, उजवीकडे एक चौकोन लुकलुकत होता, खाली काहीतरी सरकत होते. तुम्ही आसनक्रमांक टाकला, निकाल पाहिला आणि पान बंद केले. आता त्या पट्टीत कोणत्या वस्तूची जाहिरात होती ते सांगा. बहुतेकांना सांगता येणार नाही. डोळ्यांसमोर असूनही न दिसणाऱ्या या जाहिरातीचा इतिहास आपण या पाठात पाहणार आहोत.

हा प्रश्न केवळ जाहिरातदारांचा आहे असे समजू नका. तुम्ही मोबाइलवर फुकट वाचता त्या बातम्यांचा आणि लेखांचा बराचसा खर्च याच पट्ट्यांमधून निघतो. पट्टी कोणी पाहतच नसेल, तर बातमी आणणाऱ्याचे वेतन कोठून येणार, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे.

१. वेबच्या आधी

जाहिरातीकडे होणारे दुर्लक्ष इंटरनेटने जन्माला घातलेले नाही. इंग्लंडमधील लेखक सॅम्युअल जॉन्सन याने १७५९ मध्येच अशी तक्रार नोंदवली होती की, जाहिराती इतक्या झाल्या आहेत की लोक त्या नीट वाचत नाहीत. भारतातील पहिले वृत्तपत्र जेम्स ऑगस्टस हिकी याने २९ जानेवारी १७८० रोजी कलकत्त्यात सुरू केले. त्याच्या पूर्ण नावात 'कलकत्ता जनरल अ‍ॅडव्हर्टायझर' हे शब्द होते. म्हणजे आपल्याकडे वृत्तपत्र आणि जाहिरात यांची सोबत पहिल्या दिवसापासूनची आहे.

एकोणिसाव्या शतकात या सोबतीचे व्यवहारात रूपांतर झाले. न्यूयॉर्कमध्ये १८३३ साली बेंजामिन डे याने 'द सन' हे वृत्तपत्र एका सेंटला विकायला सुरुवात केली. पॅरिसमध्ये १८३६ साली एमिल द जिरार्दँ याने 'ला प्रेस'ची वार्षिक वर्गणी इतर पत्रांच्या निम्म्यावर आणली. उरलेला खर्च जाहिरातदाराने भरायचा, ही त्यामागची कल्पना होती. वाचकाला स्वस्त पत्र मिळाले आणि प्रकाशक वाचकाचे लक्ष जाहिरातदाराला विकू लागला. आजचे 'फुकट' संकेतस्थळ याच व्यवहाराचे वारसदार आहे.

मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. लंडनच्या 'द टाइम्स'चे पहिले पान ३ मे १९६६ पर्यंत छोट्या जाहिरातींनीच भरलेले असे आणि लोक ते पान वाचत. आपल्याकडेही रविवारच्या अंकातील 'वधू-वर पाहिजे' हे स्तंभ घरोघरी पेन हातात घेऊन वाचले गेले आहेत. याचा अर्थ काय? वाचकाला सगळ्याच जाहिराती नकोशा नसतात. ज्या क्षणी त्याला जे हवे आहे त्याच्याशी जाहिरातीचा संबंध नसेल, तेव्हा तो ती टाळतो.

२. पहिला बॅनर आणि नव्याची नवलाई

२७ ऑक्टोबर १९९४ रोजी 'हॉटवायर्ड' या अमेरिकी संकेतस्थळावर बॅनर जाहिराती झळकल्या. त्यांतील 'एटी अँड टी' या दूरध्वनी कंपनीची पट्टी विशेष प्रसिद्ध आहे. येथे माऊसने कधी क्लिक केले आहे का, एवढाच प्रश्न तिच्यावर होता. पाहणाऱ्यांपैकी सुमारे ४४ टक्के लोकांनी तिच्यावर क्लिक केले, असे ती बनवणाऱ्यांनी सांगितले आहे. आज शंभरात एक क्लिक मिळाला तरी जाहिरातदार खूश होतो, यावरून हा आकडा किती मोठा होता ते कळेल.

त्या पट्टीचे आकर्षण होते ते नवेपणाचे. क्लिक केल्यावर काय होते, हे लोकांना पाहायचे होते. पुढे पट्ट्या सर्वत्र झाल्या, त्यांचे आकार ठरून गेले, जागा ठरून गेल्या, आणि नेमके हेच त्यांच्या मुळावर आले.

३. 'बॅनर अंधत्व' म्हणजे काय?

१९९८ मध्ये अमेरिकेतील राइस विद्यापीठात जॅन पनेरो बेनवे आणि डेव्हिड लेन यांनी एक प्रयोग केला. सहभागी लोकांना एका संकेतस्थळावर विशिष्ट माहिती शोधायला सांगितली. त्या माहितीकडे जाणारा दुवा मोठ्या, ठळक पट्टीत ठेवलेला होता. तरीही अनेकांना तो दिसला नाही. साध्या अक्षरांतले लहान दुवे मात्र त्यांना सहज सापडत होते. या प्रकाराला संशोधकांनी 'बॅनर अंधत्व' हे नाव दिले.

या प्रयोगात न दिसलेली पट्टी जाहिरातीची नव्हतीच. लोकांना हवी असलेली माहितीच तिच्यात होती. तरी ती सुटली, कारण तिचे रूप जाहिरातीसारखे होते. म्हणजे वाचक आधी पट्टी वाचून मग ती नाकारत नाही. आकार, रंग आणि जागा यांवरूनच तो ठरवतो की येथे आपल्या कामाचे काही नाही. हा आळस नव्हे. अनुभवातून आलेले हे शहाणपण आहे. गर्दीच्या बाजारातून जाताना आपण प्रत्येक फेरीवाल्याची हाक ऐकत बसत नाही, तसेच हे आहे. अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच दाखवून दिले होते की, माहितीचा सुकाळ झाला की लक्षाचा दुष्काळ पडतो.

४. प्रकाशकांचा पहिला प्रतिसाद: आवाज वाढवणे

लक्ष मिळेना, तेव्हा प्रकाशकांनी आणि जाहिरातदारांनी आवाज चढवला. 'ट्रायपॉड' या संकेतस्थळासाठी काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी १९९० च्या दशकात पॉप-अप खिडकीचा कोड लिहिला. मूळ हेतू साधा होता: एखाद्या आक्षेपार्ह पानाशी जाहिरातदाराचे नाव जोडले जाऊ नये, म्हणून जाहिरात वेगळ्या खिडकीत दाखवायची. पुढे तेच तंत्र वाचकाची वाट अडवण्याचे साधन झाले. २०१४ मध्ये झुकरमन यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली.

वाचकांनीही उत्तर दिले. २००४ मध्ये 'विंडोज एक्सपी'च्या सुधारित आवृत्तीबरोबर 'इंटरनेट एक्सप्लोरर'मध्ये पॉप-अप रोखण्याची सोय आली. २००६ मध्ये 'अ‍ॅडब्लॉक प्लस' आले. २०१५ मध्ये आयफोनच्या ब्राउझरमध्येही जाहिराती अडवणे शक्य झाले. डोळ्यांनी केलेले दुर्लक्ष आता यंत्र करू लागले.

यातील अर्थकारण एका उदाहरणाने समजून घेऊ. समजा, एका छोट्या संकेतस्थळाला हजार वेळा जाहिरात दाखवल्यावर ४० रुपये मिळतात. वाचक पाहत नाहीत म्हणून हा दर २० रुपयांवर आला. उत्पन्न टिकवण्यासाठी प्रकाशक पानावर दुप्पट जाहिराती लावतो. पान जड होते, वाचक आणखी वैतागतो, दर आणखी उतरतो. प्रत्येक प्रकाशकाचा निर्णय त्याच्यापुरता बरोबर असतो, पण सगळ्यांचे मिळून नुकसान होते. गावाच्या सामायिक गायरानावर प्रत्येकाने एकेक गुरे वाढवावीत, तसा हा प्रकार आहे. येथे चरून संपते ते वाचकाचे लक्ष.

५. दुसरा प्रतिसाद: वेषांतर

दुसरी वाट होती जाहिरातीला लेखाचे रूप देण्याची. जाहिरातीसारखे दिसणारे वाचक टाळतो, तर ती बातमीसारखी दाखवू, असा हा विचार. भारताला यातील धोका वेबच्या आधी छापील पत्रांतून कळला होता. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन उमेदवारांच्या बातम्या छापल्या गेल्याचे पी. साईनाथ यांनी उघड केले आणि प्रेस कौन्सिलला 'पेड न्यूज'ची चौकशी करावी लागली. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत वेषांतरित जाहिरातीला फसव्या रचनांच्या यादीत घातले आहे. वेषांतराने क्लिक मिळतात, हे खरे. पण फसलो हे कळल्यावर वाचक जाहिरातीबरोबर बातमीवरही विश्वास ठेवत नाही, आणि प्रकाशकाजवळ विकण्यासारखे त्या विश्वासावाचून दुसरे काही नसते.

६. तिसरा प्रतिसाद: गरज ओळखणे आणि मर्यादा पाळणे

ऑक्टोबर २००० मध्ये गूगलने 'अ‍ॅडवर्ड्स' सुरू केले. शोधलेल्या शब्दाशी जुळणारी, साध्या अक्षरांतली जाहिरात ही त्याची कल्पना होती. नीट पाहिले तर हे छोट्या जाहिरातींचेच नवे रूप आहे: शोधणाऱ्याला हवे तेव्हा हवे ते दाखवणे. पण त्याचा मोठा लाभ शोधयंत्राला झाला. वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिराती गेल्या आणि प्रकाशकांच्या हाती प्रामुख्याने न पाहिली जाणारी पट्टी उरली.

मग मर्यादेचे प्रयत्न सुरू झाले. २०१६ मध्ये 'कोअ‍ॅलिशन फॉर बेटर अ‍ॅड्स' ही संघटना उभी राहिली. पॉप-अप आणि आपोआप आवाजासह सुरू होणारे व्हिडिओ यांसारखे प्रकार तिने अस्वीकार्य ठरवले. १५ फेब्रुवारी २०१८ पासून 'क्रोम' ब्राउझर हे नियम मोडणाऱ्या संकेतस्थळांवरील जाहिराती गाळू लागला. ब्राउझरचा मालक स्वतःच जाहिरातींचा सर्वांत मोठा विक्रेता आहे, ही यातील विसंगती तुमच्या ध्यानात आलीच असेल. याउलट काही प्रकाशक जिरार्दँच्या आधीच्या काळाकडे वळले आणि वाचकाकडूनच पैसे घेऊ लागले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०११ मध्ये वर्गणी सुरू केली. भारतात २०१२ मध्ये स्थापन झालेले 'न्यूजलाँड्री' वाचकांच्या वर्गणीवर भर देते.

समारोप

या इतिहासातून तीन गोष्टी निघतात. पहिली, दुर्लक्ष हा वाचकाचा दोष नसून त्याने शिकलेले संरक्षण आहे. दुसरी, आवाज वाढवून किंवा वेष बदलून मिळवलेले लक्ष फार काळ टिकत नाही. तिसरी, थोड्या, स्पष्ट लेबल लावलेल्या आणि मजकुराशी नाते असलेल्या जाहिराती किंवा वर्गणी, या वाटा संथ असल्या तरी विश्वास राखतात. वर्गणीची वाट मात्र सर्वांना परवडत नाही. ज्या विद्यार्थ्याला वर्गणी भरता येत नाही आणि ज्या भाषेतील वाचकवर्ग लहान आहे, त्यांच्यासाठी चांगल्या मजकुराचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरील कोणती महत्त्वाची सूचना जाहिरातीसारख्या रूपामुळे दुर्लक्षित राहत असेल? ती कशी मांडाल?
२. 'वधू-वर पाहिजे' ही जाहिरात आणि लुकलुकणारा बॅनर यांतील फरक वाचकाच्या हेतूच्या आधारे स्पष्ट करा.
३. तुमच्या मातृभाषेतील एखाद्या संकेतस्थळाने जाहिरात आणि वर्गणी यांपैकी कोणती वाट निवडावी? कारणे द्या.