प्रभात चित्र मंडळ आणि ‘वास्तव रूपवाणी’

मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ साली सुरू झाले. पत्रकार सुधीर नांदगावकर, दिनकर गांगल ही संस्थापकांतली नावे. सभासदांना देशोदेशीचे चित्रपट दाखवायचे आणि त्यांवर चर्चा घडवायची, हा मूळ उद्योग. पण चर्चा हवेत विरते; म्हणून मंडळाचे ‘वास्तव रूपवाणी’ हे नियतकालिक मोलाचे. वृत्तपत्री परीक्षणाला शुक्रवारची घाई, जागेची टंचाई. चित्रपट पाहावा की नाही, एवढेच सांगून ते थांबते. इथे वाचकाने चित्रपट बहुधा पाहिलेला असतो, त्यामुळे कथा सांगण्यात पाने न घालवता लेखक थेट दृश्यांवर येऊ शकतो. समीक्षेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे अशोक राणे याच फिल्म सोसायटी चळवळीतले. आपल्या मंडळांच्या ग्रंथालयांत मात्र कादंबऱ्यांची कपाटे भरलेली. सिनेमावरचे मराठी लेखन शोधावे लागते.