शाकारणी

कौलारू घराच्या छपराची पावसाळ्यापूर्वीची वार्षिक डागडुजी. सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यातील नांदगावसारख्या गावांत ती मृगाच्या (सुमारे 7 जून) आधी उरकतात. जाणकार गडी वर चढून नळे किंवा मंगलोरी कौले उतरवतो, खाली साचलेला पालापाचोळा झाडतो, माकडांनी फोडलेली कौले बदलतो. वाळवी लागलेली रीप तेव्हाच काढणे आवश्यक. राहिली तर भर पावसात ओळच्या ओळ खचते. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, म्हणून उन्हाळ्यात घर सुसह्य राहते. मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळुरात काढला. पत्र्याच्या छपराने शाकारणीचे कष्ट वाचतात. घर मात्र दुपारी तापते, हा सौदा तोट्याचाच.