नहेम्या

नहेम्या : (इ. स. पू. पाचवे शतक). बायबलच्या जुन्या करारातील यहुदी नेता. पर्शियाचा सम्राट पहिला अर्तहशश्त याचा प्यालेबरदार आणि पुढे यहूदा प्रांताचा अधिकारी. त्याच्या नावाचे पुस्तक हिब्रू परंपरेत एज्राच्या पुस्तकाला जोडूनच वाचले जाते. त्यातील बराच भाग प्रथमपुरुषी आहे. बायबलमध्ये असे रोखठोक आत्मकथन विरळाच आढळते. नहेम्या ना संदेष्टा, ना याजक, ना राजा. त्याच्या हातून एकही चमत्कार घडलेला नाही. ख्रिस्ती मंडळ्यांत नेतृत्वाचा विषय निघाला की मोशे आणि दावीद यांच्या बरोबरीने त्याचे नाव घेतले जाते, ते बहुधा यामुळेच. प्रवचनकाराला तो पंचायतीतल्या वडीलधाऱ्यासमोरही ठेवता येतो.

बाबेलच्या सैन्याने इ. स. पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम उद्ध्वस्त केले. पुढे बंदिवासातून यहुदी परतले, मंदिरही पुन्हा उभे राहिले, तरी तट मात्र पडकाच राहिला. ही बातमी शूशनच्या राजवाड्यात नहेम्याला त्याचा भाऊ हनानी याच्याकडून कळली. मग सुमारे चार महिने तो उपवास आणि प्रार्थना करीत राहिला. इ. स. पू. ४४५ मध्ये राजाने त्याच्या उतरलेल्या चेहऱ्याचे कारण विचारले, तेव्हा त्याच्या मागण्या तयार होत्या : रजा, वाटेतल्या अधिकाऱ्यांच्या नावे पत्रे आणि राजाच्या वनातले लाकूड. श्रद्धा आणि पूर्वतयारी यांत त्याला विरोध दिसत नाही. यरुशलेमला पोचल्यावरही तो तीन दिवस कोणाशी काही बोलला नाही. रात्री मोजकी माणसे बरोबर घेऊन तट स्वतः पाहून आला आणि मगच लोकांपुढे विषय काढला.

पुस्तकाचा तिसरा अध्याय म्हणजे नावांची लांबलचक यादी. वाचक ती ओलांडून पुढे जातात. पण कामाची खरी रचना तिथेच कळते. मुख्य याजक एल्याशीब आणि त्याचे भाऊबंद मेंढरे-वेशीपाशी, पुढे सोनार, अत्तरवाले, व्यापारी. शल्लूम नावाच्या अधिकाऱ्याबरोबर त्याच्या मुलीही. अनेकांच्या वाट्याला आपल्याच घरासमोरचा तट आला होता. तकोवाच्या सरदारांनी कामाला खांदा दिला नाही, हेही यादीत नमूद आहे. शोमरोनचा सनबल्लट, अम्मोनी तोबीया आणि अरब गेशेम यांनी आधी टिंगल केली, मग हल्ल्याची धमकी दिली, शेवटी ओनोच्या खोऱ्यात भेटीला बोलावले. नहेम्याने निम्मी माणसे शस्त्रे घेऊन पहाऱ्यावर उभी केली, कर्णा वाजवणारा आपल्याजवळ ठेवला आणि भेटीचे निमंत्रण चार वेळा नाकारले. एलूल महिन्याच्या २५ तारखेला, ५२ दिवसांत, तट पुरा झाला.

नेतृत्वशिबिरांत हे ५२ दिवस हटकून सांगितले जातात. पाचवा अध्याय त्यामानाने मागे पडतो, आणि नहेम्याचा कस तर तिथेच लागतो. दुष्काळात धान्यासाठी आणि राजाचा कर भरण्यासाठी लोकांनी शेते व द्राक्षमळे गहाण टाकले होते, पोटची मुले दास्यात दिली होती. सावकार परके नव्हते, यहुदी श्रीमंतच होते. नहेम्याने सभा बोलावून त्यांना जाब विचारला. आपण आणि आपल्या भावांनीही उसने दिले आहे हे लपवले नाही. गहाण जमिनी परत करण्याची शपथ त्याने त्यांच्याकडून याजकांसमक्ष घेववली. अधिकारी म्हणून मिळणारा भत्ता त्याने १२ वर्षे घेतला नाही. त्याच्या पंक्तीला १५० माणसे असत आणि त्यांच्यासाठी रोज एक बैल व सहा मेंढरे लागत. तरी लोकांवर आधीच ओझे आहे, म्हणून त्याने हा हक्क सोडला. देवाचे भय हे त्याने दिलेले कारण.

त्याची दुसरी बाजूही पुस्तकाने झाकलेली नाही. काही काळ राजाकडे जाऊन तो परतला तेव्हा मंदिराच्या कोठडीत तोबीयाचे बिऱ्हाड होते. त्याने सामान बाहेर फेकले. शब्बाथाला वेशी बंद करवल्या. परजातीय बायका केलेल्यांना शाप दिले, काहींना मारले, केस उपटले. आदर्श नेता म्हणून त्याला पुढे करताना हा तेरावा अध्याय गाळणे प्रामाणिकपणाचे नाही.

इतिहासकारांना त्याच्या काळाला दुजोरा इजिप्तमधील एलेफंटाइन बेटावरील यहुदी वसाहतीच्या कागदपत्रांत मिळतो : इ. स. पू. ४०७ च्या एका पत्रात शोमरोनचा अधिकारी सनबल्लट याच्या मुलांचा उल्लेख आहे. तटाच्या विस्ताराबद्दल मतभेद आहेत. कॅथलीन केन्यन यांनी १९६० च्या दशकातील उत्खननावरून असे मांडले, की पूर्वेकडे जुना उतार सोडून नवा तट डोंगराच्या माथ्यावरून नेला असावा.

मराठीत हे पुस्तक थेट हिब्रूवरून आणणाऱ्यांत पंडिता रमाबाई होत्या. त्यांचे बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले.

इ. स. पू. दुसऱ्या शतकातील बेन सिराच्या ग्रंथात पूर्वजांच्या स्तुतीत नहेम्याला स्थान आहे, एज्राला नाही. मक्काबी दुसरे पुस्तक त्याला राजांविषयीचे आणि संदेष्ट्यांचे ग्रंथ जमवून ग्रंथालय स्थापल्याचे श्रेय देते.