वेम्ब्लीचा तिसरा गोल

फुटबॉलचा सामना दीड तासात आटोपतो, आणि मग घरी परतणाऱ्या प्रेक्षकांचा सामना सुरू होतो. मडगाव-म्हापशाच्या मंडळींना हे मी नव्याने सांगायला नको. परंतु एका निर्णयावर दोन राष्ट्रांनी पन्नासांहून अधिक वर्षे वाद घालावा, आणि ज्याने तो निर्णय दिला त्याचा देश कोणता हेही वाद घालणाऱ्यांनी धड लक्षात ठेवू नये, असे क्वचितच घडते. लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर ३० जुलै १९६६ रोजी ते घडले.

जागतिक फुटबॉल स्पर्धेचा तो अंतिम सामना. एका बाजूला यजमान इंग्लंड, दुसऱ्या बाजूला पश्चिम जर्मनी. प्रेक्षक सुमारे ९७,०००. दुसरे महायुद्ध संपून अवघी एकवीस वर्षे झाली होती. मैदानावर त्याचा उच्चार कोणी करीत नसले, तरी प्रेक्षकांच्या मनातून ते गेले होते असे मानण्याचे कारण नाही. बाराव्या मिनिटाला हेल्मुट हालरने जर्मनीचा पहिला गोल केला. थोड्याच वेळात जेफ हर्स्टने त्याची फेड केली. ७८व्या मिनिटाला मार्टिन पीटर्सने इंग्लंडला पुढे नेले. आता विजय हाती आलाच, असे वाटत असताना ८९व्या मिनिटाला वोल्फगांग वेबरने बरोबरी साधली आणि सामना जादा वेळेत गेला.

त्या जादा वेळेतील अकराव्या मिनिटाची ही हकीकत. उजव्या बाजूने अ‍ॅलन बॉलने दिलेला चेंडू हर्स्टने अंगाला वळसा देऊन जोराने हाणला. चेंडू गोलाच्या आडव्या दांडीच्या खालच्या अंगावर आदळला, तसाच सरळ खाली येऊन जमिनीवर आपटला आणि उसळून बाहेर आला. वेबरने तो डोक्याने दांडीवरून पलीकडे घालविला. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच झाले. इंग्रजांनी हात उंचावले, जर्मनांनीही उंचावले. एकांचे आनंदाने, दुसऱ्यांचे निषेधाने. मुख्य पंच गॉटफ्रीड डीन्स्ट हे स्वित्झर्लंडचे. त्यांना स्वतःला खात्री नव्हती. ते धावत कडेच्या रेषापंचाकडे गेले. हा रेषापंच म्हणजे तोफिक बहरामोव्ह. दोघांना धड समजेल अशी सामाईक भाषा नव्हती. खाणाखुणांनी जे काय विचारायचे ते विचारले गेले, बहरामोव्ह यांनी मान डोलावली, आणि डीन्स्टनी गोल जाहीर केला.

नियम काय म्हणतो ते आधी पाहिले पाहिजे, कारण निम्मा वाद नियम न पाहताच घातला जातो. संपूर्ण चेंडू संपूर्ण रेषेच्या पलीकडे गेला तरच गोल. चेंडूचा व्यास सुमारे २२ सेंटिमीटर. त्याचा नखाएवढा भाग रेषेच्या वर तरंगत असला तरी गोल नाही. हे अचूक पाहायचे तर पाहणाऱ्याचा डोळा नेमका रेषेच्या सरळीत हवा. तसा त्या क्षणी कोणाचाही नव्हता. बहरामोव्ह कडेला उभे होते खरे, पण गोलरेषेच्या सरळीत नव्हते. गोलरक्षक टिल्कोव्स्की तर चेंडू अडविण्यासाठी उडी घेत होता. तरीही तो आपल्या मृत्यूपर्यंत, म्हणजे २०२० सालापर्यंत, चेंडू आत गेला नव्हता असेच सांगत राहिला. चेंडू टेकला तेव्हा रेषेवरची पांढरी भुकटी उडाली, असेही जर्मन खेळाडू सांगत. इंग्रजांचा हुकमी साक्षीदार म्हणजे रॉजर हंट. तो गोलाच्या अगदी जवळ होता. चेंडू आत नसता तर त्याने तो सहज पुन्हा आत ढकलला असता. त्याऐवजी तो हात उंचावून आनंदाने वळला, यावरून काय ते समजा, असे इंग्रज म्हणत. युक्तिवाद दिसायला बिनतोड आहे. पण हंट वळला याचा अर्थ एवढाच की चेंडू आत गेला असे हंटला वाटले. शिवाय उसळलेला चेंडू त्याच्या आधी वेबरच्या टप्प्यात होता.

मौजेची गोष्ट अशी की त्या दिवसाची गाऱ्हाणी जर्मनांच्याच वाट्याला आली असे नाही. ८९व्या मिनिटाचा जर्मन गोल ज्या फ्री किकमधून निघाला, ती जॅक चार्ल्टनच्या विरुद्ध दिलेली फ्री किक मुळातच चुकीची होती, आणि त्या धांदलीत चेंडू एका जर्मन खेळाडूच्या हाताला लागला होता, असे इंग्रजांचे म्हणणे. ते खरे धरले तर जादा वेळच आली नसती! इंग्लंड जिंकले म्हणून ही तक्रार विरून गेली; हरते तर आज आपण कदाचित तिच्याविषयीच बोलत असतो. शेवटच्या मिनिटाला हर्स्टने आपला तिसरा आणि संघाचा चौथा गोल केला, त्या वेळी काही उतावीळ प्रेक्षक मैदानात उतरले होते. खेळ थांबवावयास हवा होता, असे म्हणण्यास तिथेही जागा होती. निकाल ४-२ असा नोंदला गेला. बाकी सगळे वाद मागे पडले आणि तिसरा गोल तेवढा उरला. जर्मन भाषेत तर दांडीवर आपटून रेषेपाशी पडणाऱ्या चेंडूला ‘वेम्ब्ली-टोर’, म्हणजे वेम्ब्लीचा गोल, असे नावच पडून गेले.

आता त्या रेषापंचाकडे वळू. इंग्रजांनी त्याला ‘रशियन लाइन्समन’ म्हटले. त्यात कौतुक होते. पण बहरामोव्ह रशियन नव्हते. ते बाकूचे, म्हणजे अझरबैजानचे. हा प्रांत त्या काळी सोव्हिएत संघात होता इतकेच. हैदराबादेत किंवा इंदुरात पिढ्यान् पिढ्या राहून ज्यांना बाहेरचे लोक भलत्याच नावाने ओळखतात, त्या आपल्या मंडळींना यातील बोच चटकन कळेल. एकदा माणूस ‘रशियन’ ठरला की हेतू चिकटविणे सोपे. पाचच दिवसांपूर्वी, २५ जुलैला, उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीने सोव्हिएत संघाला २-१ असे हरविले होते. त्याचा हा सूड, असे काही जर्मनांनी म्हटले. पुढे आणखी एक आख्यायिका जन्माला आली. तुम्हाला इतकी खात्री कशी होती, असे कोणी विचारता बहरामोव्ह यांनी म्हणे एकच शब्द उच्चारला: ‘स्टालिनग्राड!’ गोष्ट इतकी नेटकी आहे की ती खरी असावी असे ऐकणाऱ्याला वाटतेच. पण तिला कसलाही भरवशाचा आधार नाही. राजवाड्यांनी बखरींविषयी आपल्याला जी सावधगिरी शिकविली, ती इथेही उपयोगी पडते. घटनेनंतर पुष्कळ काळाने, ऐकणाऱ्याला हवी तशी, एका वाक्यात बसणारी हकीकत समोर आली की तिचा कागद मागावा.

कागद आहे, आणि तो वेगळेच सांगतो. बहरामोव्ह यांनी आपल्या आठवणी लिहिल्या आहेत. त्यांत ते म्हणतात की चेंडू दांडीवरून नव्हे, तर गोलाच्या जाळीवर आपटून परत आला असे आपल्याला वाटले. त्यामुळे पुढे तो जमिनीवर कुठे पडला याला महत्त्वच उरले नव्हते. या कबुलीने सूडाची कथा निकालात निघते, पण निर्णयाचा पायाही निसटतो. कारण चेंडू दांडीवर आपटला होता, जाळीवर नाही, हे चित्रफितीत स्वच्छ दिसते. ज्या प्रश्नावर जग भांडत होते, चेंडू रेषेपार पडला की नाही, त्या प्रश्नाचे उत्तर बहरामोव्ह यांनी कधी दिलेच नव्हते! त्यांनी पाहिले ते प्रामाणिकपणे सांगितले; फक्त ते चुकीचे पाहिले होते. अप्रामाणिक पंच आणि चुकलेला पंच यांतला हा फरक प्रेक्षकांच्या बाकावर सहसा कोणी करीत नाही.

चेंडूचे काय झाले, याचाही शोध थांबला नाही. १९९६ साली ऑक्सफर्ड विद्यापीठातील दोघा संशोधकांनी दोन वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेल्या चित्रफितींवरून भूमितीच्या आधारे चेंडूची जागा मोजली आणि तो पूर्णपणे पार गेला नव्हता असा निष्कर्ष काढला. ऑक्सफर्ड इंग्लंडातच आहे, हे ध्यानात घेण्यासारखे. उलट २०१६ साली एका ब्रिटिश दूरचित्रवाहिनीने संगणकाच्या मदतीने चेंडू आत गेला होता असे दाखविले. मला स्वतःला ऑक्सफर्डचे मोजमाप अधिक पटते, कारण त्यात चुकीची मर्यादा किती याचाही हिशेब आहे. आणि पश्चिम जर्मनीचे त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष हाइनरिख ल्यूबके? त्यांनी चेंडू आत होता असे सांगितले होते! राष्ट्राभिमानाच्या सरळ रेषा अशा मधेच वाकतात.

पुढे २७ जून २०१० रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे इंग्लंड आणि जर्मनी पुन्हा समोरासमोर आले. जर्मनी २-१ ने पुढे असताना इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा चेंडू तसाच आडव्या दांडीवर आपटून खाली आला. या वेळी तो रेषेच्या चांगला आत पडला होता. पंचांनी गोल दिला नाही. जर्मनी ४-१ ने जिंकले, आणि वेम्ब्लीची फेड झाली असे जर्मन प्रेक्षक म्हणू लागले. या प्रसंगानंतर फुटबॉलच्या नियामकांचा यंत्राला असलेला विरोध ढिला पडला. जुलै २०१२ मध्ये गोलरेषेवरील यंत्रणेला मान्यता मिळाली आणि २०१४ च्या ब्राझीलमधील जागतिक स्पर्धेत ती वापरली गेली. चेंडू पार झाला की पंचाच्या मनगटावरील घड्याळाला तत्क्षणी इशारा मिळतो. डीन्स्ट यांना तेवढेच हवे होते.

बहरामोव्ह १९९३ साली वारले. बाकूच्या ज्या मोठ्या मैदानाला आधी स्टालिनचे आणि मग लेनिनचे नाव होते, त्याला त्याच वर्षी या फुटबॉल-पंचाचे नाव देण्यात आले. ऑक्टोबर २००४ मध्ये इंग्लंडचा संघ तेथे सामन्यासाठी गेला, तेव्हा मैदानाबाहेर बहरामोव्ह यांचा पुतळा उभारला गेला. त्या समारंभाला जेफ हर्स्ट मुद्दाम हजर होते.