हा हात घरी ठेवून ये

फाउंडेशनच्या पहिल्या दिवशी सरांनी आम्हाला एकेक कार्ट्रिज शीट दिला आणि सांगितलं, पट्टी न लावता उभ्या रेषा काढा. पान भरेपर्यंत. माझं पान दहा मिनिटांत भरलं. माझे बाबा तालुक्याच्या गावात पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकची फळकं, गणपती मंडळांचे बोर्ड. सहावीपासून मी त्यांच्या हाताखाली होतो. खडूच्या पुडीत घोळवलेली सुतळी दोघांनी ताणून धरायची, मधे उचलून सोडायची, भिंतीवर रेघ तयार. सरळ रेघ हा आमच्या घरात प्रश्नच नव्हता.

सर माझ्या बोर्डापाशी थांबले. म्हणाले, "हा पेंटरचा हात आहे." मला वाटलं, कौतुक चाललंय. मग म्हणाले, "उद्यापासून हा घरी ठेवून ये."

वर्ग हसला. मीही हसलो. रात्री बाबांनी फोनवर विचारलं, "काय शिकवलं आज?" मी म्हणालो, "रेघा." ते म्हणाले, "त्या तर तुला येतात की रे."

पुढे बरीच वर्षं मी त्या वाक्याचा माग काढत राहिलो. हात घरी ठेवून यायला सांगणारा हा वर्ग मुळात आला कुठून?

आपल्याकडे त्याची सुरुवात मुंबईत होते. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ मध्ये त्यांच्या नावाचं कलाविद्यालय सुरू झालं. हेतू होता तो इथल्या कारागिरांचं कौशल्य वाढवण्याचा. थोडक्यात, माझ्या बाबांसारख्यांसाठीच ही शाळा होती. १८६५ मध्ये इंग्लंडहून लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स शिकवायला आले. किपलिंग शिल्पकामाचे, ग्रिफिथ्स सजावटीच्या चित्रकलेचे. ग्रिफिथ्सनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या. हे काम १८८५ पर्यंत चाललं.

मात्र वर्गातला रोजचा अभ्यास लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या वळणाचा होता. तिथे तेवीस पायऱ्या आखलेल्या होत्या. आधी भूमिती. मग छापील चित्रावरून बाह्यरेषा. मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग छाया, रंग त्यानंतर. मागची पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची नाही. म्हणजे मुंबईचा मुलगा ग्रीक देवाच्या प्लास्टरच्या नाकावरची सावली घोटत बसायचा. प्लास्टरच्या मुंडक्यासमोर तुम्ही कधी बसला असाल, तर त्या पायऱ्यांपैकी एकीवर तुम्हीही बसला आहात.

कारागिरांसाठी काढलेल्या या शाळेत हळूहळू इंग्रजी शिकलेल्या घरांतली मुलं जास्त दिसू लागली. कारागिराच्या मुलाला घरी काम शिकता येत होतं, शिवाय पोटही भरत होतं. तो पुतळ्याचं नाक वर्षभर कशाला घोटेल?

त्या पद्धतीतून मोठे लोक घडले, हेही खरं. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये इथे दाखल झाले, १८९६ मध्ये इथेच शिक्षक झाले. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांचं आत्मचरित्र. आयुष्याचा हिशेबच त्यांनी शाळेच्या वर्षांत मांडला. याच्या उलट टोकाला त्याच कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. मेस्त्री घराण्यातले, कुठल्याही कलाविद्यालयात न गेलेले. त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले आणि पुढे सिनेमे काढले. लोकांनी 'पेंटर' हेच त्यांचं आडनाव करून टाकलं.

आमच्या फाउंडेशनमध्ये आणखी एक धागा होता. द्विमित संकल्पन, त्रिमित संकल्पन, कागद दुमडून आकार, रंगांच्या छटांच्या पट्ट्या. हे सगळं जर्मनीतल्या बाउहाउसच्या घराण्यातलं. वायमारला १९१९ मध्ये ही शाळा निघाली. योहान्नेस इटन तिथल्या प्राथमिक वर्गात आधी श्वासाचे आणि शरीराचे व्यायाम घ्यायचे, मगच चित्र. मुलांनी आधी शिकलेले साचे झटकावेत, असा त्यांचा प्रयत्न. इटन १९२३ मध्ये गेले आणि तो वर्ग लास्लो मोहोली-नाज आणि जोसेफ आल्बर्स यांच्याकडे आला. आल्बर्स मुलांना वर्तमानपत्राचा कागद द्यायचे. तुकडा वाया न घालवता यातून काहीतरी उभं करा, एवढंच सांगायचे.

म्हणजे लंडनची पद्धत सांगत होती, आम्ही देतो तो हात घे. इटन सांगत होते, होता तो हात विसर. दोन्हीकडे घरून आणलेल्या हाताला जागा नव्हती. सरांचं वाक्य शंभर वर्षं जुनं निघालं.

मग आल्बर्सच्या वडिलांबद्दल वाचलं आणि थबकलो. ते बोट्रॉप गावात घरं रंगवायचे. सुतारकामासारखी हाताची इतर कामंही करायचे आणि पोराला सोबत घ्यायचे. आल्बर्सनी उतारवयात एकात एक चौकोनांची शेकडो चित्रं केली. ती ते मधून बाहेर रंगवत जायचे. दार रंगवताना मधून सुरुवात करायची, म्हणजे ओघळ हाती येतात आणि बाही खराब होत नाही, हे त्यांना वडिलांनी शिकवलेलं. आपण ज्यांचे धडे गिरवतो, त्या माणसाने आपला पेंटरचा हात घरी ठेवलेला नव्हता.

सर पूर्ण चुकले होते असंही नाही. दुसऱ्या आठवड्यात समोर पितळेचा तांब्या ठेवला, तेव्हा मी तो दुकानाच्या पाटीवर शोभेल असा काढला. चहूकडून सारख्याच जाडीची रेघ. समोरचा तांब्या खिडकीकडच्या बाजूला उजेडात विरघळत होता, ते मला दिसलंच नव्हतं. ते बघायला त्या वर्गानेच शिकवलं.

आता पहिल्या वर्षाला मी स्वतः शिकवतो. उभ्या रेषांचं पान अजूनही देतो, कारण त्याने हात खरंच स्थिर होतो. फक्त पान भरल्यावर विचारतो, घरी कोण काय काम करतं? यंदा एकीने सांगितलं, आई शिवणकाम करते. तिला म्हणालो, उद्या आईची कापड आखायची पद्धत वर्गाला दाखव.

फ्लेक्स आल्यापासून बाबांकडे पाट्यांचं काम येत नाही. मागच्या दिवाळीत घराचं दार रंगवायला काढलं. मी ब्रश घेऊन वरच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. बाबांनी ब्रश काढून घेतला आणि म्हणाले, "मधून घे रे. बाही भरेल."