उद्याने व क्रीडांगणे, लहान नगरांतील

लहान नगरपरिषदा व नगरपंचायती आपल्या हद्दीतील बागा, मैदाने, व्यायामशाळा, विरंगुळा केंद्रे यांची जी उभारणी व देखभाल करतात आणि तेथे जे खेळ, शिबिरे व सांस्कृतिक उपक्रम चालवतात, त्या कारभाराचा महाराष्ट्रापुरता परिचय या नोंदीत दिला आहे. राज्यात १०,००० ते २५,००० लोकवस्तीच्या, गावपण सोडून शहर होऊ लागलेल्या क्षेत्रासाठी नगरपंचायत असते. त्यापुढे ४०,००० पर्यंतची नगरपरिषद ‘क’ वर्गात आणि १,००,००० पर्यंतची ‘ब’ वर्गात मोडते. मोठ्या महानगरपालिकांना स्वतंत्र उद्यान विभाग असतो. लहान नगरात हे काम बहुधा बांधकाम वा आरोग्य विभागाच्या एखाद्या कर्मचाऱ्याकडे जादा कार्यभार म्हणून येते.

पूर्वपीठिका : गावाला बाग नव्हती तेव्हाही विरंगुळ्याच्या जागा होत्या. वडा-पिंपळाभोवतीचा पार, मारुतीच्या देवळाशेजारची तालीम, नदीचा घाट आणि जत्रेत कुस्त्यांचा फड रंगणारे माळरान या त्या जागा. त्यांची निगा गावकीच राखत असे. संस्थानी काळात काही राजांनी यात लक्ष घातले. कोल्हापूरचे खासबाग मैदान हा त्याचा ठळक नमुना. पण छोट्या वस्तीच्या दृष्टीने औंध संस्थान अधिक बोलके आहे. भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तेथील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. ना महागडे साहित्य, ना मोठे मैदान. शाळेचे अंगण पुरे. स्वयंसेवी संस्थांचा वाटाही मोठा आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये आणि पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ मध्ये सुरू झाले. गावोगावच्या व्यायामशाळा व क्रीडा मंडळे याच परंपरेतील आहेत.

कायदेशीर चौकट : ७४ व्या घटनादुरुस्तीने (अंमल १ जून १९९३) संविधानात बारावी अनुसूची आली. तिच्यातील १८ विषयांत उद्याने, बागा व क्रीडांगणे या नागरी सोयींचा उल्लेख आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ मात्र पाणी, दिवाबत्ती व स्वच्छता ही कामे आवश्यक कर्तव्यांत धरतो, तर बागा ऐच्छिक कर्तव्यांत. या एका शब्दाने पुढचे बरेच काही ठरते. अंदाजपत्रकात कपात करायची वेळ आली की आधी ऐच्छिक बाबींवर फुली पडते.

कामाची वाटणीही विखुरलेली आहे. खेळ व सांस्कृतिक कार्य हा विषय शिक्षण समितीच्या कक्षेत येतो आणि भिंत, फाटक व पदपथ बांधकामाकडे. झाडांसाठी १९७५ च्या नागरी क्षेत्रातील वृक्ष संरक्षण अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरण असते. त्यामुळे एकाच मैदानातली वाळकी फांदी, तुटका नळ आणि कबड्डीची स्पर्धा हे तीन वेगवेगळ्या फायलींचे विषय होतात.

जागा : बागेसाठी जागा मुख्यतः दोन वाटांनी मिळते. पहिली वाट विकास योजनेतील आरक्षणाची. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार योजना लागू झाल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदी-सूचना देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. मोबदल्यासाठी पैसे नसलेल्या नगरपरिषदेची क्रीडांगणे अशा रीतीने कागदावरच संपतात. मोठ्या शहरांत रोख मोबदल्याऐवजी विकास हक्क (टीडीआर) देऊन मार्ग निघतो, पण जिथे या हक्कांना गिऱ्हाईक नाही तिथे तो फारसा उपयोगी पडत नाही.

दुसरी वाट ले-आउटमधील खुल्या जागेची. २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ०.४ हेक्टर वा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. ०.४ हेक्टर म्हणजे जवळजवळ एक एकर. त्याचे १० टक्के म्हणजे ४०० चौ. मी. एवढ्या जागेत कबड्डीचे १३ × १० मी. चे क्रीडांगण ऐसपैस बसते. खोखोला मात्र २७ × १६ मी., म्हणजे ४३२ चौ. मी. लागतात, ते बसत नाही. वाढत्या गावात असे तुकडे बरेच पडतात, पण मुलांना धावता येईल असे सलग मैदान त्यांतून तयार होत नाही. कुंपण नसलेल्या तुकड्यावर आधी राडारोडा पडतो, मग गाड्या उभ्या राहतात आणि शेवटी एखादी टपरी वा पत्र्याची शेड येते.

निधी : बांधकामासाठी पैसा येण्याचे मार्ग अनेक आहेत : जिल्हा नियोजन समिती, आमदार स्थानिक विकास निधी, नगरोत्थान अभियान, वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठीचे अनुदान. क्रीडा खात्याकडून व्यायामशाळा व क्रीडांगण विकासासाठी अनुदान मिळते. केंद्राच्या ‘अमृत’ योजनेचा पहिला टप्पा (२०१५) मुख्यतः लाखावर लोकवस्तीच्या शहरांसाठी होता. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेला दुसरा टप्पा सर्व वैधानिक नगरांसाठी खुला झाला.

हा बहुतेक पैसा उभारणीचा असतो. माळ्याचा पगार, पाणी, वीज आणि डागडुजी मात्र घरपट्टी, वृक्ष कर व गाळेभाडे अशा स्वतःच्या उत्पन्नातून भागवावी लागते. उद्घाटनाच्या फलकावर खर्चाचा आकडा असतो. देखभालीची तरतूद त्यावर लिहिलेली नसते.

देखभाल : पहिला प्रश्न पाण्याचा. कमी पावसाच्या तालुक्यात हिरवळीचे गालिचे फेब्रुवारीपासूनच पिवळे पडू लागतात आणि टंचाईत पिण्याच्या पाण्याचा टँकर बागेकडे वळवता येत नाही. कडुनिंब, करंज, वड यांसारखी स्थानिक झाडे एकदा रुजली की वरच्या पाण्याशिवाय तग धरतात आणि दुपारी सावलीही देतात; हिरवळ सावली देत नाही. दुसरा प्रश्न खेळण्यांचा. झोपाळ्याची साखळी सहसा मध्ये तुटत नाही. वरची कडी घासून झिजते आणि ती झीज खाली उभे राहून दिसत नाही. खुल्या व्यायामशाळेतील यंत्रांची बेअरिंगे पावसाळ्यात गंजतात. शिडी लावून कड्या पाहणे, ग्रीस भरणे, घसरगुंडीचा वर आलेला पत्रा ठोकून बसवणे ही दरमहाची कामे आहेत. ती नेमून दिलेला माणूस नसेल, तर वर्ष-दोन वर्षांत लोखंडी सांगाडे तेवढे उरतात.

तिसरा प्रश्न मैदान भाड्याने देण्याचा. लग्न, प्रदर्शन, सभा, दांडिया यांतून नगरपरिषदेला चार पैसे मिळतात. मांडव निघाल्यावर वाशांचे खड्डे, खिळे आणि सुतळीचे तुकडे मागे राहतात आणि दुसऱ्या दिवशी पोरे तिथेच अनवाणी खोखो खेळतात. म्हणून खड्डे बुजवून मैदान ताब्यात घेतल्याशिवाय अनामत परत न करण्याची अट घालणे उपयुक्त ठरते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातील ठरावीक १५ दिवसांपर्यंत राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते.

उपक्रम : लहान नगरात उपक्रमांचे वेळापत्रक शाळा, शेती आणि सण यांच्या कलाने ठरते. मे महिन्यात उन्हाळी शिबिरे, पावसाळ्यात वृक्षलागवड, दिवाळीनंतर कबड्डी-कुस्तीचे सामने, जत्रेला जंगी फड असा साधारण क्रम असतो. याच उपक्रमांत मोडणाऱ्या व्याख्यानमालांची परंपरा पुण्यात १८७५ मध्ये सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेपर्यंत मागे जाते. दैनंदिन वापर मात्र वेगळाच असतो. पहाटे फेऱ्या मारणारे ज्येष्ठ, हास्यक्लब (ही चळवळ १९९५ मध्ये मुंबईत सुरू झाली), संध्याकाळी मुले, दिवेलागणीनंतर महिला. महिलांचा वावर दोन गोष्टींवर अवलंबून असतो : दिवे चालू आहेत का आणि स्वच्छतागृह उघडे आहे का.

मूल्यमापन : राज्याचे ‘माझी वसुंधरा’ अभियान २ ऑक्टोबर २०२० पासून नगरपंचायती व ग्रामपंचायतींनाही हरित क्षेत्रासाठी गुण देते. अशा स्पर्धांनी लागवड वाढते, पण लावलेले झाड तिसऱ्या उन्हाळ्यात जगले का, हीच खरी कसोटी आहे. ज्या नगरांत व्यायामशाळा मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ किंवा शेजारची शाळा यांच्याशी लेखी करार करून देखभाल वाटून दिली जाते, तिथे कामाची जबाबदारी नावानिशी ठरलेली असते. तरीही पाणीपट्टी, वीजबिल आणि एका माळ्याचा बारमाही पगार नगरपरिषदेलाच द्यावा लागतो. ही तरतूद अंदाजपत्रकात आधी करावी आणि कोनशिला नंतर बसवावी.